ट्रेलरचं उत्थान

"मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे जमिनीपासून वर उठण्याचा इतिहास आहे, आई. चार पायांवरून दोन पायांवर, गुहेतून माडीवर, माडीवरून आकाशात! उन्नयन! ज्या समाजाला उन्नयनाची आस नाही, तो समाज मातीतच राहतो."

जावईबापू हे ट्रेलरखालून म्हणाले. बाहेरून त्यांची फक्त पावलं दिसत होती, त्यातल्या एकाच पावलात चप्पल होती. बोलणं संपल्यावर खाली थोडी खसखस झाली, पत्र्यावर काहीतरी आपटलं आणि मग पुष्कळ बारीक आवाजात पुढचं वाक्य आलं.

"कुणीतरी जरा पाय धरून ओढता का? पोट अडकलंय."

सासूबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. लेकीच्या लग्नात जावयाचे पाय धरायला त्यांनी साफ नकार दिला होता. आता मागच्या अंगणात, भरदुपारी, शेजारीण गच्चीवरून बघत असताना, ते दोन्ही हातांनी धरायची वेळ आली. त्यांनी ओढलं. जावईबापू ग्रीस आणि पालापाचोळ्यासकट बाहेर आले, आणि धूळ झटकायच्या आधी म्हणाले, "माझं निदान बरोबर होतं. ट्रेलर फार खाली आहे."

हे निदान सासूबाईंनीच त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं.

सासूबाई कुशनकाम करायच्या. सत्तरीला टेकल्या होत्या, तरी बोटांत अजून सोफ्याच्या स्प्रिंगा वाकवायचा जोर होता. आयुष्यभर त्यांनी खुर्च्या मऊ केल्या, आणि त्यांवर बसणारी माणसं पाहून मन थोडं घट्ट करून घेतलं. त्यांचा कारखाना चाकांवर होता. चारी बाजूंनी बंद असलेला लांबट ट्रेलर. आत शिलाई मशीन, फोमच्या लाद्या, रेक्झिनची भेंडोळी, बारीक खिळ्यांचे खण, आणि मशीनसमोर एक कळकट स्टूल, ज्याला त्यांनी आजवर गादी शिवली नव्हती. पिकअपच्या मागे ट्रेलर लावायचा, गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभा करायचा आणि तिथेच काम करायचं, अशी त्यांची पद्धत.

यंदा त्यांना गावातल्या जुन्या नाट्यगृहाचं काम मिळालं होतं. खालचा मजला, बाल्कनी, सगळ्या खुर्च्या. सासूबाईंना इतकं मोठं काम यापूर्वी कधी मिळालं नव्हतं आणि यापुढे मिळायला त्या काही शंभर वर्षं जगणार नव्हत्या. व्यवस्थापकाची अट एकच : खुर्च्या फाटकाबाहेर जाणार नाहीत. म्हणजे ट्रेलर आत यायला हवा. आणि फाटकातच, नाल्यावर, कुण्या महाभागाने सिमेंटच्या उंचवट्याचा असा उंट बसवून ठेवला होता की पहिल्याच फेरीला ट्रेलरचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं हवेत गरगरली. व्यवस्थापक खिशात हात घालून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, सोमवारी आत आलात तर काम तुमचं. नाहीतर मी तयार प्लॅस्टिकची कव्हरं आणून खिळे मारून टाकतो. बघणाऱ्यांचं लक्ष नाटकाकडे असतं."

हे शेवटचं वाक्य सासूबाईंना फार लागलं. नाटकं कशी असतात हे त्यांनी पाहिलं होतं. लक्ष खुर्चीकडेच असतं.

त्यांनी ज्याच्याकडून ट्रेलर घेतला होता त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या गाडीला पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, नाहीत, काकू, टॉर्शन एक्सल आहे. म्हणजे काय, तर एक चौकोनी नळी, तिच्या पोटात रबर ठासलेलं, आणि दोन टोकांना दोन आखूड हात. हातांना चाकं. चाक खड्ड्यात गेलं की हात वळतो, रबर पिळलं जातं, धक्का तिथेच जिरतो. तुम्ही एवढंच करा : एक्सल खोला, चासी म्हणजे ट्रेलरचा खालचा सांगाडा, तो आणि एक्सलच्या मध्ये दोन्ही बाजूंना लोखंडी ठोकळे घाला, लांब बोल्ट लावा, आवळा. जेवढा ठोकळा तेवढा ट्रेलर वर. पिकअपच्या हुकाचा गोळाही तेवढाच वर घ्या, नाहीतर ट्रेलर नाक खाली घालून चालेल. आणि एक, वेल्डिंगची ज्योत त्या नळीजवळ नेऊ नका. आतलं रबर जाईल."

इतकं सोपं होतं. सासूबाईंना कळलं, शेजारणीला कळलं. पण हे फोनवरचं बोलणं सासूबाईंनी कौतुकाने लेकीला सांगितलं, आणि लेकीला त्यात वेगळीच सोय दिसली.

"आई, यांना पाठवते तुझ्याकडे."

"कशाला गं?"

"मदतीला."

"कोणाच्या?"

"माझ्या," लेक म्हणाली. "रविवारपर्यंत सांभाळ."

जावईबापू भाषेच्या कार्यालयात होते. परक्या वस्तूंना घरचे शब्द देणं हे त्यांचं काम. वस्तू त्यांना फारशा ठाऊक नसत, पण त्यामुळे त्यांचं काम कधी अडलं नाही. लिफ्टला त्यांनी 'उद्वाहनकक्ष' म्हटलं, आणि त्यांच्याच कार्यालयात एक पाहुणा त्या पाटीखाली जिना शोधत उभा राहिला. पुढे कार्यालयाने त्यांना मुदतीआधीच निवृत्त केलं. निरोप समारंभात त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की लोकांना किती सुटल्यासारखं वाटतंय ते स्पष्ट कळत होतं.

सासूबाईंचाही यात थोडा दोष होता. इतकी वर्षं त्याच सगळ्यांना सांगत होत्या, "आमचे जावईबापू शब्द बनवतात हो!" गल्लीत कुणाचा जावई टायर विकायचा, कुणाचा दात काढायचा, शब्द बनवणारा एवढा एकच. त्यामुळे अंगावर मूठभर मांस चढायचं ते चढलं होतं, आणि आता ते उतरवणं अवघड होतं.

"ठोकळे?" पहिल्याच दिवशी चहाचा कप खाली ठेवत जावईबापू म्हणाले. "आई, ठोकळा हा शब्द नाही. ती शिवी आहे."

"लोखंडाचा तुकडा आहे तो."

"शाळेत मला…" जावईबापू एवढंच म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी आवाज बदलला. "ते असो. तंत्रज्ञानाला प्रतिष्ठा शब्दाने येते. हा ट्रेलर नाही, हे 'बंदिस्त अनुयान' आहे. हा एक्सल नाही, हा 'पीळ-आस' आहे. खालची मोकळी जागा म्हणजे 'भूमुक्ती'. आणि तुमच्या त्या ठोकळ्याला मी म्हणतो, उत्थापक! उत्थान घडवतो तो उत्थापक."

"म्हणा," सासूबाई म्हणाल्या. "पण सोमवारच्या आत घाला."

दुसरं कुणी असतं तर त्यांनी त्याला फोमच्या लादीने झोडपलं असतं. पण समोर जावई होता. जावयाला 'तुम्हाला कळत नाही' म्हणायचं नसतं. त्याला 'वा' म्हणायचं, चहा द्यायचा आणि त्याची पाठ वळली की आपल्याला हवं ते करून टाकायचं. या शास्त्रात सासूबाई पारंगत होत्या. फक्त या जावयाची पाठ वळत नव्हती.

ठोकळे कापायला, बोल्ट खोलायला वेल्डर बोलावला. त्याला गावात कळलंराव म्हणत. कारण काहीही सांगायला लागलं की अर्ध्या वाक्यातच तो म्हणायचा, "कळलं." उरलेलं अर्धं वाक्य कुणी त्याला कधी ऐकवू शकलं नव्हतं. गावातली निम्मी फाटकं उलट्या बाजूला उघडायची ती त्यामुळेच. आल्या आल्या त्याने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली आणि म्हणाला, "याचे पाटे चोरीला गेलेत, काकू."

"त्याला पाटे नसतातच. टॉर्शन एक्सल आहे. आणि हे बघ, त्याच्याजवळ वेल्डिंग करायचं नाही, आत रब…"

"कळलं," वेल्डर म्हणाला, आणि जरा दुखावला. वेल्डरला बोलावून वेल्डिंग करू नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला बोलावून नुसत्या गप्पा मारणं.

सासूबाईंना त्या दिवशी रेक्झिनचा गठ्ठा आणायला बाजारात जायचं होतं. त्या निघाल्या, फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. "जावईबापू, त्याला नीट सांगाल ना?"

"आई, सांगणं हाच माझा व्यवसाय आहे," जावईबापू म्हणाले आणि झाडाखाली खुर्ची टाकून बसले.

पुढे जे झालं ते शेजारणीने गच्चीवरून ऐकलं आणि नंतर कितीतरी दिवस जो भेटेल त्याला ऐकवलं.

"हे बघा," जावईबापू वेल्डरला म्हणाले, "आपल्याला काय करायचंय, तर या आसाचं उत्थान—"

"कळलं."

"उत्थान म्हणजे—"

"कळलं हो, साहेब. उताणा."

"उत्थान."

"तेच म्हणतोय मी. एक्सल उताणा. पाट्याच्या गाडीतही असंच करतात. एक्सल पाट्याच्या वर असला की खाली घ्यायचा, गाडी टणकन वर. तुम्ही बसा निवांत."

जावईबापूंना वाटलं, हा माणूस अशिक्षित असूनही शब्दाच्या जवळपास पोचला आहे; उच्चार पुढे सुधारता येईल. आणि ते निवांत बसले. वेल्डरने ट्रेलर जॅकवर घेतला, एक्सल धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट सोडले, एक्सल बाहेर काढला, पालथा होता तो उताणा केला, पुन्हा पट्ट्यांत बसवला आणि आवळला. हे सगळं जावईबापूंच्या डोळ्यांदेखत झालं. पण ते एक्सल बघतच नव्हते. 'बोल्ट'ला काय म्हणावं याचा ते विचार करत होते.

आता, ज्या एक्सलचे हात खाली वाकलेले असतात तो उलटा केला की हात वर जातात. हे समजायला तंत्रज्ञान लागत नाही. आपलाच एक हात पुढे धरून उलटा करून पाहिला तरी पुरतं. पण दोघांपैकी कुणी हात उलटा करून पाहिला नाही. वेल्डरने जॅक सोडला. ट्रेलर खाली आला, आणखी खाली आला, चाकं मडगार्डात घुसली, आणि अंड्यांवर बसणाऱ्या कोंबडीसारखा एक दीर्घ सुस्कारा टाकून ट्रेलर जमिनीवर बसला.

सासूबाई गठ्ठा घेऊन आल्या तेव्हा दोघं ट्रेलरकडे बघत उभे होते. सकाळी त्याच्याखाली निदान जावयाचं पोट अडकण्याइतकी जागा होती. आता मांजर जाईना.

गठ्ठा खाली पडला.

"हे काय आहे?"

"उताणा," वेल्डर म्हणाला. "साहेबांनी सांगितलं तसं."

"मी उत्थान म्हणालो होतो," जावईबापू म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर, अशा वेळी कुणाच्याही चेहऱ्यावर येऊ नये असा आनंद पसरला. "पण गंमत बघा हं, आई. उताणा हा शब्द 'उत्तान'वरून आलाय. आणि उत्थान, उत्तान, दोन्हींच्या डोक्यावर तोच 'उत्' बसलाय! उत् म्हणजे वर! म्हणजे भाषिकदृष्ट्या हा मनुष्य फारसा चुकलेलाच नाही!"

"ऐकलंत?" वेल्डर म्हणाला. "चुकलेलो नाही."

सासूबाईंनी इतकी वर्षं जावयासमोर मूग गिळले होते. तेवढे मूग कुणाच्याही पोटात राहत नाहीत.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि गच्चीवरची शेजारीण कठड्यावर पुढे वाकली, "सोमवारी मला त्या फाटकातून आत जायचंय. तो माणूस त्या खुर्च्यांवर प्लॅस्टिक ठोकणार आहे. खिळ्यांनी! माझ्या हातात पुन्हा असं काम यायचं नाही. तुमच्या उत्चं मी काय करू? व्यवस्थापकाला जाऊन सांगू, की ट्रेलर जमिनीला टेकलाय, पण भाषिकदृष्ट्या वर आहे?"

जावईबापू गप्प झाले. कार्यालयातल्या कुणालाही हे कधी साधलं नव्हतं.

"ठोकळे घालायचे," सासूबाई म्हणाल्या. "साधे. दोन. ठोकळे."

"म्हणजे… मला म्हणताय?"

"ट्रेलरला म्हणतेय. तुम्हाला लागत असेल तर लावून घ्या."

मग त्या वेल्डरकडे वळल्या. तो तोंड उघडणार तोच त्यांनी कात्री उगारली. "कळलं म्हणायचं नाही. मी सांगते ते संपेपर्यंत ओठ मिटून ऐकायचं. एक्सल होता तसा कर, हात खाली. तुझ्या दुकानातून जाड चौकोनी पाइप आण, चार बोटं उंचीचे दोन तुकडे काप, भोकं पाड. ते चासी आणि एक्सलच्या मध्ये. लांब बोल्ट. आवळायचे. आता सांग, मी काय म्हणाले?"

वेल्डरला आयुष्यात पहिल्यांदाच एखादं वाक्य शेवटपर्यंत ऐकावं लागलं होतं. तो घामाघूम झाला. पण त्याने सांगितलं, बहुतेक बरोबर सांगितलं.

आता अडचण वेगळीच होती. ट्रेलर इतका बसला होता की जॅक खाली सरकेना. वेल्डरने जमीन उकरायची सूचना केली, सासूबाईंनी ती नुसत्या नजरेनेच फेटाळली. शेवटी एक जाड लांब फळी आणली, तिचं एक टोक चासीखालच्या फटीत घातलं, मध्ये टेकू म्हणून एक लाकडी ओंडका ठेवला. दुसरं टोक हवेत राहिलं. वेल्डर त्यावर लोंबकळला. काही झालं नाही. तो अंगाने म्हणजे नुसता बोल्टच. सासूबाई टेकल्या, तरी ट्रेलर ढिम्म.

मग दोघांनीही एकाच वेळी जावईबापूंकडे पाहिलं.

"साहेब," वेल्डर म्हणाला, "बसता का जरा?"

जावईबापू उठले. झालेल्या अपमानानंतर आपली कुणाला गरज आहे, हे त्यांना बरं वाटलेलं दिसलं. फळीपाशी येऊन ते म्हणाले, "आई, या तत्त्वाला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"याला वजन म्हणतात. बसा."

ते बसले. फळी करकरली, ट्रेलर कण्हला आणि जावईबापूंच्या बाजूचं टोक जसजसं खाली गेलं तसतसं ट्रेलरचं पोट वर उठलं. वेल्डरने जॅक आत सरकवला. निवृत्तीनंतरच नव्हे, एकंदरीतच जावईबापूंनी प्रत्यक्ष उचललेली ही पहिली वस्तू.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "उठा आता."

"मीच उत्थापक झालो म्हणायचं," जावईबापू फळीवरूनच म्हणाले.

"हो, झालात. उठा."

एक्सल पुन्हा पालथा झाला. पाइपचे ठोकळे बसले, बोल्ट आवळले, पिकअपच्या हुकाचा गोळा वरच्या भोकात गेला. वेल्डरने सवयीने दोनदा गॅसच्या नळीकडे हात नेला, दोन्ही वेळा सासूबाईंनी नुसतं खाकरलं. जॅक काढला तेव्हा ट्रेलर चार बोटं वर, सरळ, नाक न पाडता उभा राहिला. सासूबाई खाली वाकल्या, हात घालून पाहिला, आणि कुणाला दिसू नये अशा बेताने ट्रेलरच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "कसे आहेत हे?"

"उपयोगी पडले," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

जावईबापूंना खरं तर रविवारी परत जायचं होतं, पण ते राहिले. उद्घाटनाला दोन शब्द बोलावेच लागतील, असं त्यांचं म्हणणं. उद्घाटन कशाचं, ते सासूबाईंनी विचारलं नाही.

सोमवारी नाट्यगृहाच्या फाटकाशी व्यवस्थापक त्याच खिशांत तेच हात घालून उभा होता. शेजारी प्लॅस्टिकच्या कव्हरांचा ढीग, त्यावर हातोडी. पिकअप आत गेला. ट्रेलरची चाकं उंचवट्यावर चढली. सासूबाईंनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि मागे पाहिलं. सिमेंटचा उंट आणि ट्रेलरचं पोट यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी दिसत होती. पट्टी बारीक झाली. आणखी बारीक झाली. पण मिटली नाही. ट्रेलर पलीकडे उतरला, आतलं शिलाई मशीन एकदा खणखणलं आणि गप्प झालं.

व्यवस्थापकाने एक हात खिशातून काढला. त्याच्या बाजूने हे अभिनंदन होतं. मग त्याने ती हातोडी उचलली आणि कव्हरं परत पाठवायला सांगितली.

सासूबाई उतरल्या. त्यांनी ट्रेलरचं मागचं दार उघडलं. बाल्कनीच्या खुर्च्या सोडवायला आलेले दोन सुतार, रखवालदार आणि तिकिटं फाडणारा अशी चार माणसं कुतूहलाने जमली. जावईबापूंनी माणसं पाहिली आणि त्यांचा गळा आपोआप साफ झाला.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज आपण एका बंदिस्त अनुयानाच्या उत्थानाचे साक्षीदार आहात. भूमीपासून मुक्त होण्याची ही आस, आणि तिच्या मुळाशी असलेला उत्थापक, याविषयी मी वर उभं राहून दोन शब्द बोलतो. म्हणजे सगळ्यांना दिसेन."

त्यांनी ट्रेलरच्या पायरीवर चढायला पाय उचलला. पायरी ट्रेलरलाच जोडलेली, त्यामुळे ट्रेलरबरोबर तीही वर गेली होती. पाय पोचला नाही. त्यांनी दाराची कड धरून दुसरा पाय लावून पाहिला. पँट शिवणीत कुरकुरली. सुतारांपैकी एकजण मागे वळून हसला. जावईबापू खाली उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि भाषणासाठी जमवलेला सगळा आवाज सोडून देऊन सासूबाईंच्या कानाशी आले.

"आई," ते हळूच म्हणाले, "एक ठोकळा आहे का हो? पायाखाली घ्यायला."